ध्रुवाकडे जाणाऱ्या तुकडीत एक शाळामास्तरही हवा





गेल्या सभेत विश्वस्त मंडळापुढे मी एक प्रस्ताव ठेवला होता आणि तो पुढील सभेपर्यंत राखून ठेवण्यात आला आहे. प्रस्ताव असा की, आपल्या शाळेतील एखाद्या विज्ञान शिक्षकाची ध्रुवीय प्रदेशातील किंवा हिमालयातील हिमनद्यांच्या संशोधनात सहभागी होण्यासाठी निवड झाली, तर त्यांना सहा आठवड्यांपर्यंत भरपगारी रजा मिळावी आणि त्या काळात त्यांचे तास घेणाऱ्या बदली शिक्षकाचे मानधन संस्थेने द्यावे. तसेच भारतीय अंटार्क्टिक मोहिमेत दरवर्षी एक जागा शालेय शिक्षकासाठी असावी, असे निवेदन शाळेच्या वतीने केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाला पाठवावे.

सभेत काही सदस्य हसले. मला त्याचे वाईट वाटले नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो अशा नेपानगरातील शाळेने अंटार्क्टिकाची भाषा करावी, हे ऐकायला गमतीचेच आहे. परंतु सभेच्या वेळेत सविस्तर बोलता आले नाही, आणि हा विषय मंडळाइतकाच पालकांचा व मुलांचाही आहे, म्हणून येथे लिहीत आहे.

डॉ. अदिती पंत हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. त्यांचा जन्म १९४३ साली नागपुरात झाला. पुणे विद्यापीठात बी.एस्सी. करीत असताना त्यांच्या हाती सर अ‍ॅलिस्टर हार्डी यांचे ‘द ओपन सी’ हे पुस्तक आले आणि समुद्रविज्ञान हाच आपला विषय, असे त्यांनी मनाशी ठरवले. पुढे हवाई विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिक्षण घेऊन त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. १९८३ च्या डिसेंबरात डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली भारताची तिसरी अंटार्क्टिक मोहीम निघाली, तिच्यात त्या होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या दोन महिलांपैकी एक आपल्या विदर्भकन्या! आपल्यातील कितीतरी घरांचे मूळ विदर्भात आणि खानदेशात आहे, तेव्हा एवढा अभिमान बाळगायला हरकत नसावी.

मला मात्र आज त्या पुस्तकाच्या लेखकाबद्दल सांगायचे आहे. हार्डी हे इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ. १९२५ ते १९२७ या काळात ते ‘डिस्कव्हरी’ या जहाजावरून दक्षिण महासागरात गेले. देवमासे कशावर जगतात, त्यांचे खाद्य कोठे व किती आहे, याचा अभ्यास करायचा होता. परतल्यावर १९२८ साली ते हल येथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि नंतर अबर्डीन व ऑक्सफर्ड येथे अनेक वर्षे त्यांनी शिकवले. हे पुस्तक निघाले १९५६ मध्ये. म्हणजे पाहा, दोन वर्षे थंड समुद्रात काढलेला एक माणूस आयुष्यभर शिकवतो, जे स्वतः पाहिले ते सोप्या भाषेत लिहून ठेवतो आणि त्याला कधी न भेटलेली पुण्यातील एक विद्यार्थिनी ते वाचून त्याच दक्षिण महासागरापर्यंत जाऊन पोहोचते. हार्डी शिकवणारे नसते, केवळ अहवाल लिहिणारे असते, तर ते अहवाल नागपूरच्या मुलीपर्यंत कसे आले असते?

याच हार्डींचे एक यंत्र आहे, त्याविषयी थोडे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. समुद्रातील सूक्ष्म जीव, ज्यांना प्लवक म्हणतात, ते गोळा करण्यासाठी त्यांनी धातूची एक पेटी बनवली. ती जहाजाच्या मागे दोरखंडाने ओढत न्यायची. पुढच्या लहानशा छिद्रातून पाणी आत येते, पाण्याच्या जोराने एक पंखा फिरतो आणि त्या पंख्याच्या गतीने आतील रेशमी कापडाची पट्टी हळूहळू गुंडाळली जाते. प्लवक त्या रेशमाच्या दोन थरांत अडकून राहतात. नंतर पट्टी उलगडली की, कोणत्या मैलावर काय सापडले ते क्रमाने वाचता येते. पहिली पेटी ‘डिस्कव्हरी’वरच वापरली गेली. पुढे १९३१ पासून साध्या मालवाहू जहाजांनी अशा पेट्या ओढून नेल्या. त्या जहाजांवरील खलाशी कोणी शास्त्रज्ञ नव्हते. पेटी वेळेवर पाण्यात सोडणे, वेळेवर वर घेणे आणि नोंद नीट ठेवणे, एवढेच त्यांचे काम. तेवढ्यावर जगातील एक फार मोठी समुद्री नोंदवही उभी राहिली. खलाशी जर विज्ञानाच्या कामाला हातभार लावू शकतात, तर वीस-वीस वर्षे विज्ञान शिकवणारे आमचे शिक्षक का नाही?

अदिती पंतांच्या सोबतच्या दुसऱ्या महिला म्हणजे डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता. त्या कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात भूविज्ञान शिकवीत असत. शिर्माखर टेकड्यांतील खडकांचा त्यांनी अभ्यास केला आणि परतल्यावर बंगालीत अंटार्क्टिकावर पुस्तक लिहिले. म्हणजे शिकवणारा माणूस आणि ध्रुवीय मोहीम हे नाते आपल्या देशात नवीन नाही. ते महाविद्यालयापर्यंत येऊन थांबले आहे, एवढेच. आपल्या मोहिमांत शास्त्रज्ञांबरोबर डॉक्टर असतात, आचारी असतात, जनरेटर चालवणारे आणि गाड्या दुरुस्त करणारे मेकॅनिक असतात, सैन्यातील जवान असतात. यांच्यापैकी एकाशिवायही तेथे एक दिवस निघणार नाही. या यादीत शाळेचा शिक्षक हे एक कायमचे पद असावे, एवढीच माझी मागणी आहे.

अमेरिकेत ही गोष्ट करून पाहिली गेली आहे. १९९० च्या दशकातच तेथे शाळेतील शिक्षकांना अंटार्क्टिका आणि आर्क्टिकमध्ये संशोधकांच्या तुकडीबरोबर पाठवण्याचा उपक्रम सुरू झाला. नंतर २००७ साली, आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या निमित्ताने, ‘पोलरट्रेक’ नावाने तो पुन्हा उभा राहिला. अलास्कातील फेअरबँक्स येथील संस्थेने तो चालवला आणि पैसा तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने दिला. शिक्षक साधारण दोन ते सहा आठवडे तुकडीबरोबर राहत. त्यांना पाहुण्यासारखे मिरवले जात नसे. बर्फ खणणे, उपकरणे वाहणे, आकडे टिपणे ही कामे ते करीत, तेथूनच आपल्या वर्गातील मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देत आणि घरी परतल्यावर त्या अनुभवावर पाठ तयार करीत. मला यातील कामाचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सहलीला जाऊन आलेले मास्तर वर्गात फोटो दाखवतात, दोन दिवस मुले खूष असतात आणि मग पुन्हा तीच प्रश्नोत्तरे.

आता वर्गाकडे येतो. मी स्वतः हिंदी माध्यमातून बी.एस्सी. झालो. आमच्या पुस्तकात ‘हिमनद’ असा शब्द होता, कोठे ‘हिमानी’ही असे. येथे आपल्या शाळेत आल्यावर मराठीत ‘हिमनदी’ भेटली. सहावीच्या मुलांना हिमनदीचे चित्र काढायला सांगा, दहापैकी आठ मुले आपली तापी काढतात आणि तिच्यात बर्फाचे तुकडे तरंगत ठेवतात. मुलांचा दोष नाही. शब्दात ‘नदी’ आहे आणि त्यांनी पाहिलेला बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा, नाहीतर फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीचा. हिमनदी म्हणजे डोंगरावरून अत्यंत सावकाश सरकणारा, दगडमातीने मळलेला, भेगाळलेला घट्ट बर्फाचा पट्टा, हे वाक्य फळ्यावर लिहिता येते. परंतु त्या भेगेच्या काठी उभे राहिलेला शिक्षक ते ज्या आवाजात सांगेल, त्या आवाजात मी सांगू शकत नाही.

शिवाय पुस्तकात निष्कर्ष असतो, तो कसा काढला हे क्वचितच असते. ‘हिमनद्या वितळत आहेत’ हे वाक्य मुले पाठ करतात. कोणी मोजले? कशाने मोजले? हिमाचलातील चंद्रा नदीच्या खोऱ्यात छोटा शिग्री नावाची हिमनदी आहे, आपले संशोधक तिचा अनेक वर्षे अभ्यास करीत आले आहेत. तेथे मोजण्याचे साधन कोणते, तर बांबू! वाफेच्या ड्रिलने बर्फात कित्येक मीटर खोल भोक पाडायचे, तारेने एकमेकांना जोडलेल्या बांबूच्या काठ्या त्यात उतरवायच्या आणि काठीचा किती भाग बर्फावर उघडा आहे ते लिहून ठेवायचे. काही महिन्यांनी पुन्हा जायचे आणि पुन्हा मोजायचे. समजा, पहिल्या वेळी काठी ४० सेंटिमीटर बाहेर होती आणि नंतर २४० सेंटिमीटर दिसली, तर तेथे २०० सेंटिमीटर बर्फ वितळला. बर्फाची घनता पाण्याच्या सुमारे ०.९ पट धरली, तर ते झाले १८० सेंटिमीटर पाणी. हे सातवीचे गणित आहे. ज्या गावात बांबू आणि सलईच्या लगद्यापासून देशातील पहिला वृत्तपत्री कागद तयार झाला, त्या गावच्या मुलांना बांबू कशाकशाला उपयोगी पडतो हे कळायला नको का? आणि हीच रीत येथेही वापरता येईल. बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याची किंवा आपल्या मळ्यातील विहिरीची पाणीपातळी दर महिन्याला त्याच दिवशी, त्याच काठीने मोजत राहायचे. असे काम एकदा कडाक्याच्या थंडीत स्वतः केलेला शिक्षक मुलांकडून नोंद चुकू देणार नाही.

आणखी एक उदाहरण. पेल्यात पाणी घेऊन त्यात बर्फाचा खडा तरंगत ठेवला आणि तो वितळला, तर पाण्याची पातळी वाढत नाही. तोच खडा पेल्यात ठेवलेल्या, पाण्याबाहेर आलेल्या दगडावर ठेवून वितळू दिला, तर वाढते. हा प्रयोग घरीही करून पाहावा. आता अंटार्क्टिकाकडे पाहा. आपले पहिले केंद्र ‘दक्षिण गंगोत्री’ १९८३-८४ मध्ये समुद्रावर तरंगणाऱ्या हिमपट्टावर बांधले गेले. वर्षागणिक बर्फ साचत गेला, केंद्र बर्फाखाली गाडले जाऊ लागले आणि १९९० मध्ये ते बंद करावे लागले. दुसरे केंद्र ‘मैत्री’ शिर्माखर टेकड्यांच्या खडकावर उभारले, तिसरे ‘भारती’ २०१२ मध्ये लार्समन टेकड्यांवर. तरंगणारा बर्फ आणि जमिनीवरचा बर्फ यांतील फरक असा आपल्याच देशाच्या अनुभवातून शिकवता येतो. जमिनीवरील बर्फ वितळून समुद्र वर चढला, तर आपली तापी जेथे समुद्राला मिळते त्या सुरतेजवळच्या खाडीचे काय होईल, हा प्रश्न मग मुले आपणहून विचारतील.

आता हरकतींकडे वळतो. सभेत ज्या आल्या त्यांतील एक अगदी रास्त आहे. अंटार्क्टिकाचा उन्हाळा म्हणजे आपल्याकडचा नोव्हेंबर ते मार्च. मोहीम तेव्हाच जाते. आपल्या बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. दहावी-बारावीचे विज्ञान ज्यांच्याकडे आहे ते शिक्षक नेमके तेव्हाच नसतील, तर पालक काय म्हणतील? पालक रागावतील आणि तो राग योग्य असेल. म्हणून माझी सूचना अशी की, ज्यांचे नाव पाठवायचे त्यांच्याकडे त्या वर्षी बोर्डाचे वर्ग देऊच नयेत, आणि हे जूनमध्ये वेळापत्रक आखतानाच ठरवावे. हिमालयाच्या बाबतीत अडचण कमी आहे. तेथील काम उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या महिन्यांत चालते. स्पितीमध्ये चार हजार मीटरहून अधिक उंचीवर ‘हिमांश’ हे आपले संशोधन केंद्र २०१६ पासून आहे. आपली पहिली संधी मला तेथेच दिसते, अंटार्क्टिका नंतर. आपल्या उन्हाळी सुटीला थोडी रजा जोडली की भागेल.

खर्चाचीही हरकत आली. मोहिमेचा खर्च आपली संस्था करूच शकत नाही, तो सरकारचाच. आपल्यावर येते ते फक्त बदली शिक्षकाचे सहा आठवड्यांचे मानधन. ‘एका शास्त्रज्ञाची जागा मास्तरांनी का अडवावी?’ असेही एका सदस्यांनी विचारले. त्यांना मी हिशेब सांगतो. आपल्याकडील एक विज्ञान शिक्षक वर्षाला साधारण दीडशे मुलांना शिकवतो. पुढे वीस वर्षे नोकरी धरली तर तीन हजार मुले. त्यांतून एक अदिती पंत निघाली तरी ती जागा वसूल झाली, असे मी समजतो.

वयाबद्दल विचाराल तर पन्नाशीतील माणसांनीही घाबरण्याचे कारण नाही (हे मी स्वतःसाठी म्हणत नाही, माझे गुडघे मला ठाऊक आहेत). सिडनी विद्यापीठातील भूविज्ञानाचे प्राध्यापक एजवर्थ डेव्हिड पन्नास वर्षांचे असताना स्वतः स्लेज ओढत निघाले आणि १९०९ च्या जानेवारीत दोन सोबत्यांसह दक्षिण चुंबकीय ध्रुवाच्या प्रदेशात पोहोचले. आपल्या इस्रोच्या मंगला मणी तर वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ‘भारती’ केंद्रावर गेल्या, तेवीस जणांच्या तुकडीत एकट्या महिला, आणि २०१६-१७ मध्ये तेथे त्यांनी चारशेहून अधिक दिवस काढले. आपल्या शिक्षिका भगिनींनी हे नाव लक्षात ठेवावे. मोहिमेपूर्वी कसून वैद्यकीय तपासणी होते, उत्तराखंडात औली येथे बर्फातील प्रशिक्षण होते. कोणालाही उचलून जहाजात बसवत नाहीत.

माझ्याकडूनही काही अटी आहेत. जाणाऱ्या शिक्षकांनी परतल्यावर किमान तीन वर्षे आपल्या शाळेत शिकवावे. रोजच्या कामाची वही ठेवावी आणि ती वाचनालयात द्यावी. या वार्तापत्रात मराठीतून लिहावे आणि गावातील हिंदी शाळांत जाऊन हिंदीतून सांगावे. आपल्या गावातील मुले काही एकाच शाळेत शिकत नाहीत.

घाई का, असे कोणी विचारील. १८८२-८३ मध्ये पहिले आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष झाले, १९३२-३३ मध्ये दुसरे, १९५७-५८ मध्ये त्याच धर्तीचे भूभौतिक वर्ष आणि मग २००७-०८ चे. पुढचे २०३२-३३ मध्ये योजले आहे. अशा वर्षांत देशोदेशींच्या मोहिमा वाढतात, नव्या जागा निघतात, नवे उपक्रम मंजूर होतात. त्यांचे आराखडे मात्र कितीतरी आधी ठरतात. आपले निवेदन आज गेले तर कोणी वाचील, २०३२ मध्ये गेले तर फाईलला लागेल. आज जी मुले सहावी-सातवीत आहेत, ती तेव्हा महाविद्यालयात असतील. त्यांना वाट दाखवणारे कोणी आपल्या शाळेतून तेथे जाऊन आलेले असावे, ही माझी इच्छा.

ध्रुवीय व महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र गोव्यात वास्को येथे आहे. खंडवा-भुसावळ मार्गाने वास्कोला जाणारी गोवा एक्सप्रेस आपल्याच रुळांवरून रोज जाते. निवेदनासोबत एक पत्र या केंद्रालाही पाठवायचे आहे आणि आपल्या विज्ञान शिक्षकांना तेथे भेट देण्याची परवानगी मागायची आहे. दोन्ही पत्रांचे मसुदे कार्यालयात ठेवले आहेत. पालकांनी ते वाचावेत आणि ज्यांना विरोध नोंदवायचा असेल त्यांनीही तो लेखी द्यावा, मी तो सभेपुढे वाचून दाखवीन. विद्यार्थ्यांनी ध्रुवीय प्रदेशाबद्दलचे आपले प्रश्न एका कागदावर एकच, नाव व वर्ग लिहून, प्रयोगशाळेबाहेरील पेटीत टाकावेत. निवडक प्रश्न गोव्याच्या पत्राला जोडले जातील. सहावीतील एका मुलीचा प्रश्न पेटी लावण्याच्या आधीच माझ्या टेबलावर येऊन पडला आहे : ‘सहा महिने रात्र असेल तर तेथे शाळा केव्हा भरते?’

आपला,
मुख्याध्यापक